दहावं झाड

१

पानावरचा डाग मी अंगठ्याने चोळला. गेला नाही. नखाने खरवडला, तरी गेला नाही. मधे खरखरीत तपकिरी ठिपका आणि भोवती पिवळी कड. बावीस वर्षं ही नोकरी करतेय, लिंबावरचा खैऱ्या ओळखायला मला भिंग लागत नाही. तरी भिंग काढलं, कारण आज आपले डोळे खोटे पडावेत असं मला मनापासून वाटत होतं.

"आहे?" कलमवालीने विचारलं.

"आहे."

ती मटकन मातीतच बसली. मी तिला उठवायला गेले नाही. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कधीच कळलेलं नाही. मी आपली वही काढून लिहीत बसते. लिहिलं: मातृवृक्ष, एकूण चोवीस, रोगी दोन, दहावा आणि विसावा.

मातृवृक्ष म्हणजे ज्यांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून कलमं बांधतात ती झाडं. हे चोवीस हिच्या आईने लावलेले. या खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक लिंबाच्या बागेतलं झाड यांच्याच डोळ्यांवरून तयार झालेलं. हिला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे कलमवालीच म्हणतात, आणि तेही कौतुकाने. म्हणजे परवापर्यंत म्हणत होते. शनिवारपासून चार बागांत हाच रोग निघाला आणि कौतुक कुठल्या कुठे पळालं.

आमच्या वनस्पती आरोग्य खात्याचा नियम सरळ आहे. रोगी झाडापासून शंभर पावलांतलं प्रत्येक झाड तोडून जाळायचं. तिथे दयामाया नाही आणि नसावीच. खैऱ्याला औषध नाही, आणि आज एका झाडाची कीव केली तर उद्या खोरं हातचं जातं. म्हणजे चोवीसही झाडं जाणार होती. पण ते कमी म्हणून की काय, दुसरा नियम होता: ज्याने बिनशिक्क्याचं रोप किंवा काडी बाहेरून आणून रोग घुसवला, त्याचा परवाना कायमचा रद्द.

"झाडं गेली तर मी पुन्हा लावीन," ती खालूनच म्हणाली. "पण परवाना गेला तर मी काय करू मॅडम? मला दुसरं काही म्हणजे काही येत नाही हो."

"शुक्रवारी सुनावणी आहे," मी म्हटलं. "तोवर काही ठरलेलं नाही." हे धादांत खोटं होतं. साहेबांनी सकाळीच फोनवर ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात शेडच्या मागून दादांनी हाक मारली. दादा म्हणजे आमचे सगळ्यात जुने निरीक्षक, मला हे काम त्यांनीच शिकवलं, जरी आता कागदावर मी त्यांची वरिष्ठ. त्यांच्या खाकी शर्टावर पोटापासून बाहीपर्यंत पांढरे ठिपके उडालेले. हत्यारं बुडवायच्या क्लोरीनच्या द्रावणाने रंग खाल्लेला. वहिनी त्या शर्टावरून त्यांना भारी छळतात. म्हणतात, आठवड्याच्या सुरुवातीला माझा नवरा चितळासारखा दिसतो.

आज मात्र दादांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "इकडे ये जरा," ते म्हणाले.

शेडच्या मागे, गोणपाटाखाली, छत्तीस रोपं होती. आणि एकाही पिशवीवर आमचा शिक्का नव्हता.

२

"कुठून आणलीत?"

"आणली नाहीत. माझीच आहेत."

"मग शिक्का का नाही?"

कलमवालीने पदराच्या टोकाने एका रोपाच्या पानावरची धूळ पुसली. "तुमचे लोक शिक्का मारायला येतात तेव्हा मी चांगली रोपं पुढे करते. ही कमजोर. एकाचा डोळा अर्धा जळालेला, दुसऱ्याची मान वाकडी. नियमाप्रमाणे फेकायची. पण मेली नाहीत हो ती! मेली नसताना फेकू कशी?"

मला तिचा रागही आला आणि हसूही आलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी अशीच लंगडी मांजरं जमा झालेली असतात. मी गुडघ्यांवर बसले, गुडघ्यांनी नेहमीप्रमाणे बोंब मारली, आणि छत्तीसच्या छत्तीस रोपं पान उलटून पाहिली. सगळी मरतुकडी दिसत होती, पण खैऱ्या एकावरही नव्हता. रोग जर या रोपांतून आला असता, तर आधी यांनाच खाऊन मग पुढे गेला असता. मी तसं लिहिलं. साहेबांना ते पटणार नव्हतं, पण लिहिलं.

दुसरा संशय तिच्या दिरावर. त्याचा छोटा ट्रक. खोऱ्यात शिरणारी प्रत्येक गाडी नाक्यावर थांबते, चाकांवर, हौद्यावर औषध फवारलं जातं, वहीत नोंद होते. गेल्या महिन्यात तीन वेळा त्याचा ट्रक खोऱ्यात आला आणि नाक्याच्या वहीत एकदाही नाही. म्हणजे पठ्ठ्या नदीकडच्या कच्च्या रस्त्याने आला होता.

मी गॅरेजवर गेले तेव्हा तो ट्रकखाली होता. नुसते पाय दिसत होते.

"बाहेर या."

"कोण आहे?"

"नाका आहे. तुम्ही नाक्याकडे येत नाही, म्हणून नाका तुमच्याकडे आला."

तो बाहेर आला आणि एकदम हात जोडले. "मॅडम, वहिनीला यात ओढू नका. मी झाडं आणली नाहीत. कौलं आणली, शाळेच्या छपराची. विचारा शाळेत."

"मग चोरवाटेने कशाला आलात?"

त्याने खिशातून श्वासाचा पंप काढून दाखवला. "तुमचा तो फवारा. काच लावली तरी आत येतो. एकदा नाक्यापुढे दोन मैलांवर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास तडफडत होतो. तुमच्या माणसाला सांगितलं, तर म्हणाला, नियम आहे."

त्याच्या हौद्यात फळीच्या फटींतून लाल कौलांचा चुरा निघाला. पान, काडी, माती, काही नाही. शाळेच्या शिपायाने तिन्ही खेपांची पावती दाखवली. तीन खेपा, तीनही कौलांच्याच.

नियम मोडला होता दोघांनीही, दीर-वहिनीने. आणि दोघांचाही या रोगाशी संबंध नव्हता. हे साहेबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला वकिलीचं काम दिलेलं नाही. चारही बागांत तिचीच कलमं आहेत की नाही?"

"आहेत. पण साहेब, बाकीच्या चाळीस बागांतही तिचीच आहेत. तिथे रोग नाही."

"अजून नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आणि खाली ठेवलेला फोन लगेच पुन्हा वाजला. आवाज ओळखीचा नव्हता. "मास्तरांच्या घरात शोधा," एवढंच म्हणून कोणीतरी तो बंद केला. कोण, ते कधीच कळलं नाही.

३

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. रोग सर्वांत आधी त्यांच्या बागेत सापडला, आणि सर्वांत जास्त ओरडा कलमवालीच्या नावाने त्यांनीच केला होता. मी बुधवारी सकाळी गेले तर त्यांनी दारातच दोन्ही हात चौकटीला लावले.

"बाग तिकडे आहे. घरात काय काम?"

"मास्तर, पाणी तरी पाजाल की नाही?"

पाण्याला नाही म्हणता येईना. मी स्वयंपाकघरापर्यंत त्यांच्या मागे गेले. खिडकीत काचेच्या पेल्यात, पाण्यात, एक काडी उभी होती. लिंबाची. मास्तरांनी पेल्यापुढे उभं राहायचा प्रयत्न केला, पण ते आहेत किडकिडीत. त्यांच्याआड काय लपणार?

"कुठली?"

त्यांनी पेला जरा मागे सरकवला. मग शाळेतल्या मुलासारखे खाली बघत म्हणाले, "हिच्या माहेरची, सीमेपलीकडची. हिच्या भावाने दिली, डब्यात घालून. हिला त्या लिंबाचं फार होतं. मागच्या वर्षी ही गेली... वाटलं, फुटली तर फुटली."

दुसऱ्या देशातून, विनातपासणी, डब्यातून आणलेली लिंबाची काडी! आमच्या वहीत यापेक्षा मोठा गुन्हा नाही. साहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी एका दमात कलमवालीला सोडून मास्तरांना धरलं असतं. मी काडी उचलली. सालीवर नख मारलं. आत हिरवं नावालाही नव्हतं, खडखडीत वाळलेली. पान तिला कधी फुटलंच नव्हतं. शिवाय ती घराबाहेर गेली नव्हती. मेलेल्या काडीवर हा रोग जगत नाही.

"ही मी नेते, आणि जाळते," मी म्हटलं.

"न्या," ते म्हणाले, आणि तोंड फिरवलं. पेला मात्र त्यांनी तिथेच ठेवला.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडवलं नाही. मी बागेत गेले.

रोग कुठून आला हे शोधायची एक साधी पद्धत आहे. रोगी झाडाच्या शेजारची झाडं बघायची. एका बाजूची जास्त आजारी असतील तर रोग त्या बाजूने आला. वारा, पाऊस, माणूस, काहीही असो, तो शेजारधर्म पाळत येतो. पाऊस तर दोन महिन्यांत पडलाच नव्हता. मास्तरांच्या बागेत रोगी म्हणून नोंदलेली तीन झाडं होती. पहिल्याच्या डावीकडचं पाहिलं: स्वच्छ. उजवीकडचं: स्वच्छ. दुसऱ्याचंही तसंच, तिसऱ्याचंही. मी शिडी मागवली, शेंड्यापर्यंत पाहिलं. शेजारी ठणठणीत.

मग दुसऱ्या बागेत गेले. दुपारी तिसऱ्या, उन्हं कलता कलता चौथ्या. प्रत्येक ठिकाणी तेच. रोगी झाडाला खेटून उभं असलेलं झाड निरोगी. मधली सगळी झाडं निरोगी. मग पुन्हा एक रोगी.

मी चौथ्या बागेच्या फाटकापाशी जाऊन बोटाने झाडं मोजायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली. मग तिथल्या दगडावर बसून आकडे वहीत लिहिले. दहावं. विसावं. चाळिसावं. मास्तरांच्या बागेत दहावं, तिसावं, चाळिसावं. कलमवालीकडे दहावं आणि विसावं.

या रोगाला दहापर्यंत मोजता येत होतं.

४

आता कोणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट आधी कोणाच्या लक्षात कशी आली नाही? त्याचं कारण सांगते, आणि ते सांगताना माझी मान खाली जाते. आमची तपासणीच दर दहाव्या झाडाची असते. फाटकापासून मोजायचं, दहावं झाड आलं की सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, एक फांदी कापायची, नमुना पिशवीत घालायचा, पुढे जायचं. बागेतली सगळी झाडं बघायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून वहीत रोग नेहमी दहाव्या झाडावरच नोंदला जातो. जिथे बघतो तिथेच दिसणार, त्यात नवल ते काय? असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. नववं आणि अकरावं बघायची तसदी कोणी घेतली नव्हती.

आणि या खोऱ्यात दहा-दहा मोजत जाणारं आमच्याशिवाय कोणी नाही.

तपासणीची वही काढली. मागच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी पोस्टाच्या आवारातल्या लिंबावर रोग सापडला होता. एकच झाड. ते कोणी लावलं, रोग तिथे कुठून आला, कधीच कळलं नाही. आम्ही ते दोन दिवसांत मुळासकट जाळलं आणि वरून शाबासकीचं पत्रही आलं. त्या झाडाचा नमुना कापून दादा दुपारी मास्तरांच्या बागेत गेले, मग दुसऱ्या. शुक्रवारी तिसऱ्या, चौथ्या, आणि शेवटी कलमवालीकडे. पाच ठिकाणं. तीच पाच.

पण हे कसं शक्य होतं? दादा! दोन झाडांच्या मधे सिकेटर द्रावणात तीस सेकंद बुडवायचा नियम आहे, आणि दादा ते तीस सेकंद मोठ्याने मोजतात. बागवाले त्यांची नक्कल करतात. माझ्या ओळखीत हा एकच माणूस असा आहे की जो एकटा असतानाही नियम पाळतो. मला रात्रभर झोप लागली नाही. दादांनी एकदा, फक्त एकदा, कंटाळा केला असेल का, हा विचारही चोरी केल्यासारखा वाटत होता.

गुरुवारी सकाळी ते कचेरीत आले. नेहमीसारखे, दाढी केलेले, इस्त्रीचा खाकी शर्ट. मी काय विचारायचं ते मनात जुळवत होते आणि माझी नजर त्या शर्टावर खिळली.

"नवीन शिवला वाटतं?"

"कुठला नवीन! दोन्ही दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी शिवलेत. तो सोमवार ते बुधवार, हा गुरुवारपासून. तुझ्या वहिनीची शिस्त." ते हसले. "हा जपून राहिलाय खरा."

दोन वर्षं वापरलेला शर्ट, आणि त्यावर एकही पांढरा ठिपका नव्हता. काम तेच, हात तेच, बुडवणं तेच. सोमवारच्या शर्टाचा मात्र चितळ झालेला.

मी धावत खाली गेले. दादांच्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात, उन्हात, द्रावणाचा पांढरा कॅन होता. झाकण उघडलं. वास नाही. पाण्यावर चीक आणि पाल्याचा कचरा तरंगत होता. मी पर्समधून माझा निळा रुमाल काढला, त्याचं टोक आत बुडवलं, आणि मनातल्या मनात मोजायला लागले. तीस झाले. साठ झाले. पाच मिनिटं झाली.

रुमाल निळाच्या निळा होता.

५

"हे पाणी आहे दादा," मी म्हटलं.

त्यांनी रुमाल हातात घेतला, पिळला, पुन्हा बुडवला. त्यांना सांगावं लागलं नाही. क्लोरीन ऊन लागलं की उडतं, चीक आणि कचरा पडला की मरतं. सोमवारी कडक असलेलं द्रावण बुधवारपर्यंत तग धरत होतं. गुरुवारी नुसतं पाणी. आणि त्या गुरुवारी पोस्टाच्या झाडावरचं सिकेटर त्यात बुडालं.

"पोस्टाकडे मी साठ मोजले होते," दादा म्हणाले. "रोग दिसत होता ना डोळ्यांना. म्हटलं, दुप्पट बुडवू. म्हणजे मी... मी तो रोग कॅनमध्ये कालवला. आणि मग प्रत्येक झाडाआधी सिकेटर त्यात बुडवून..." त्यांनी कॅनचं झाकण लावलं.

ते खरं होतं. त्यांनी हयगय केली असती, सिकेटर बुडवलंच नसतं, तर दोन-चार झाडांत पातं आपोआप पुसलं गेलं असतं. त्यांनी नियम पाळला म्हणून रोग शुक्रवारपर्यंत ताजा राहिला.

"पण दादा, द्रावण रोज सकाळी ताजं करायचं असतं. तुम्हीच शिकवलंत मला!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यात राग नव्हता. मग त्यांनी गाडीच्या कप्प्यातून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. परिपत्रक. 'निरीक्षकांनी आठवड्याचे द्रावण सोमवारी एकदाच तयार करावे.' खाली सही.

सही माझी होती.

मी ते पार विसरले होते. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लिहिलं होतं, जेव्हा कॅन कचेरीच्या थंड खोलीत असायचा. रोज सकाळी द्रावण करण्यात तास जातो, तो वाचला तर आठवड्याला चार बागा जास्त होतात, असा माझा हिशोब. बागा झाल्याही. बैठकीत मी त्यावर भाषण ठोकलं होतं. क्लोरीन उन्हात टिकत नाही हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. झाकण घट्ट असलं की भागेल, असं मी गृहीत धरलं. घट्ट झाकण दिवसातून शंभरदा उघडतं, हे खुर्चीत बसून सुचलं नाही.

"वास येत नाही हे कळत होतं मला," दादा म्हणाले. "पण तू लिहिलंस म्हणजे विचार करून लिहिलं असशील."

मी साहेबांकडे गेले. परिपत्रक आणि रुमाल टेबलावर ठेवले, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, उठून दार लावलं.

"कोणाकोणाला सांगितलंत?"

"दादांना."

"बस. तिथेच थांबवा. द्रावण उद्यापासून रोज करा, परिपत्रक मागे घ्या. झाली चूक, सुधारली."

"आणि कलमवाली?"

"बाई, जरा डोकं ठिकाणावर ठेवून ऐका. उद्या तुम्ही सुनावणीत उभं राहून सांगणार की रोग तपासणीनेच पसरवला. परवा किती बागवाले तुम्हाला फाटकाच्या आत घेतील? एकही नाही. पुढचं पोस्टाचं झाड मग सापडणार कोणाला? खोरं जाईल, संपूर्ण. एका बाईच्या परवान्यासाठी?" ते ओरडत नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "तिच्याकडे बिनशिक्क्याची रोपं सापडलीच आहेत. खोटं काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खरं सांगते, आजही नाही. लोक आम्हाला आत घेतात ते विश्वासावर. तो गेला की आमचे सगळे नियम कपाटात.

"दादांना चार महिन्यांत निवृत्ती आहे," दाराशी ते म्हणाले. "त्यांचाही विचार करा."

६

शुक्रवारी सुनावणीच्या खोलीत पंख्याखालच्या खुर्च्या आधीच भरल्या होत्या. चारही बागांचे मालक, मास्तर, नाक्यावरचे लोक. कलमवाली भिंतीशी उभी, धुतलेल्या साडीत, हातात परवान्याची फाईल. शेजारी दीर. दादा शेवटच्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसले होते. सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, "दादा, तुमचं नाव मी घेणार नाही." ते म्हणाले, "घे. मी कापलंय."

साहेबांनी माझं नाव पुकारलं. मी उठले. वही उघडून समोर धरली.

मी आधी रोपांचं सांगितलं: छत्तीस बिनशिक्क्याची, एकही रोगी नाही. ट्रकचं सांगितलं: कौलं. मास्तर माझ्याकडे टक लावून बघत होते. काडीचं मी लेखी अहवालात लिहिलं होतं, लपवलं नव्हतं, पण इथे एवढंच म्हटलं की आणखी एक वस्तू तपासली, ती मेलेली होती, जाळली. मग झाडांचा क्रम सांगितला. दहावं, विसावं, चाळिसावं. खोलीतला एक बागवाला पुटपुटत मोजायला लागला. शेजारच्याने त्याला कोपर मारलं आणि मग तोही मोजायला लागला.

"म्हणजे?" कोणीतरी ओरडलं.

"म्हणजे रोग आमच्या सिकेटरवरून आला. हत्यार दरवेळी बुडवलं होतं, नियमाप्रमाणे. पण द्रावण मेलेलं होतं, कारण ते आठवडाभर वापरायचा हुकूम होता. तो हुकूम मी काढला. या बाईंनी रोग आणलेला नाही. त्यांच्या फाटकातून तो मी पाठवला."

मग जे व्हायचं ते झालं. खुर्च्या पडल्या. एकाने माझ्या अंगावर पाण्याचा पेला भिरकावला, बाकीचे मालक मध्ये पडले. साहेब टेबल बडवत होते. त्या गोंधळात मास्तर उठले आणि म्हणाले, "माझ्या बागेत यांचा माणूस आता पाऊल ठेवणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं होतं ना, असं.

परवाना राहिला. बिनशिक्क्याच्या रोपांसाठी नुसती लेखी ताकीद मिळाली. कलमवाली मला जिन्यात भेटली.

"माझा दोष नाही, असं ठरलं ना?"

"ठरलं."

"मग झाडं राहतील?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न ती विचारणार नाही. तिला नियम पाठ होता. पण आशा वेडी असते हो. "नाही," मी म्हटलं. "रोग आहे. कोणी का आणला असेना, शंभर पावलं म्हणजे शंभर पावलं."

"हा नियम बरा मोडत नाही तुमच्याकडून," ती म्हणाली, आणि खाली उतरून गेली.

सोमवारी चोवीस झाडं तोडली. आदेशावर सही मीच केली. दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. दिराने फांद्या ओढून दिल्या, धुराने त्याला धाप लागली तरी हटला नाही. ओली झाडं पेटत नव्हती. दुपारपर्यंत लिंबाच्या पाल्याचा वास साऱ्या खोऱ्यात पसरला होता. कलमवाली एकदाही रडली नाही आणि एकदाही माझ्याशी बोलली नाही. मी मात्र घरी जाऊन दार लावलं आणि हमसून हमसून रडले.

माझी चौकशी लागली, ती अजून चालू आहे. दादांनी निवृत्तीआधीच रजा टाकली. आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं: पुढच्या महिन्यात चव्वेचाळीस बागांपैकी एकोणतीस बागांची फाटकं आम्हाला बंद. आत काय चाललंय, देव जाणे. मी फाटकाबाहेरून दुर्बिणीने पानं बघत फिरते, लोक हसतात.

कलमवालीकडे जायचं मी टाळत होते. शेवटी यादीत तिचंच नाव उरलं. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर तिने मोठ्या सरकारी रोपवाटिकेतून आणलेली, शिक्क्याची बारा लहान रोपं लावली होती. फाटक उघडं होतं. ती आतून आली तेव्हा तिच्या हातात बादली होती, आणि त्यातून क्लोरीनचा असा भपकारा येत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सिकेटर आणलंय?" तिने विचारलं.

"हो."

"ते गाडीत ठेवून या. आजपासून इथे माझं सिकेटर, माझं पाणी, आणि कापणार मी. ते इथून बाहेर जाणार नाही आणि बाहेरचं आत येणार नाही. बाकीच्यांनाही मी हेच सांगितलंय. ऐकायला तयार आहेत सात-आठ जण."

मी सिकेटर गाडीत ठेवून आले. तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. ते महिनाभर मनात घोळवलं होतं, पण तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"माफी-बिफी नको मॅडम. मला जमणार नाही ती," ती म्हणाली. "तुम्हाला रोग ओळखता येतो, मला नाही. म्हणून आत घेतलंय. तिथे लांब उभ्या राहा आणि कुठली फांदी ते सांगा."

मी लांब उभी राहिले आणि सांगितलं.